परदेशातल्या ख्रिस्ती शिष्यत्व प्रशिक्षण शाळेला, म्हणजे डीटीएसला, जाताना: सांगलीहून निघणाऱ्यांसाठी, अर्जाच्या आधीपासून परतीनंतरपर्यंत

रविवारची उपासना संपली, चहाचे कप फिरायला लागले, की तरुण संघातलं कुणीतरी मला हळूच बाजूला घेतं. "ताई, मला डीटीएसला जायचंय. काय काय लागतं?" गेल्या काही वर्षांत अशा पाच-सहा जणांचे अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरले गेले. मी स्वतः थायलंडमधल्या चियांग माई इथं अशा शाळेत सहा महिने काढले. जाताना मला जे कुणी सांगितलं नाही आणि जे सांगूनही मी ऐकलं नाही, ते सगळं इथं लिहिते आहे. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव आणि तिकडे कराड-साताऱ्याच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, कारण मुंबईच्या मुलांना जे शेजारी विचारून कळतं ते आपल्याला इथं कळत नाही.

ही शाळा म्हणजे काय, आणि काय नाही

डीटीएस (डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल) म्हणजे शिष्यत्व प्रशिक्षण शाळा. हे नाव सगळ्यांत जास्त जोडलं जातं ते 'यूथ विथ अ मिशन' या संस्थेशी. लोरेन कनिंगहॅम यांनी ती १९६० साली सुरू केली. तिच्याच 'युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्स'च्या पुढच्या अभ्यासक्रमांना बसायचं तर आधी डीटीएस पूर्ण करावी लागते. साधारण पाच-सहा महिन्यांचा हा काळ दोन भागांत असतो. पहिले सुमारे १२ आठवडे वर्ग: देवाचा स्वभाव, पित्याचं प्रेम, पश्चात्ताप आणि क्षमा, मध्यस्थीची प्रार्थना, नातेसंबंध, सेवाकार्य. दर आठवड्याला वेगळा शिक्षक येतो. त्यानंतरचे ८ ते १२ आठवडे आऊटरीच, म्हणजे गट करून दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशात प्रत्यक्ष सेवेला जायचं.

अशा शाळा फक्त एकाच संस्थेच्या नाहीत. इंग्लंडमधल्या लँकेशायरात केपनरे हॉल इथं टॉर्चबेअरर्स या ख्रिस्ती संस्थेची बायबल शाळा चालते. 'ऑपरेशन मोबिलायझेशन' या मिशन संस्थेच्या जहाजांवर राहून काम करत शिकणारेही आहेत. प्रत्येकाची घडण वेगळी असते. शास्त्र, म्हणजे बायबल, ओळीने अभ्यासायची भूक असेल तर बायबल शाळा बघा. स्वतःचं जगणं प्रभूपुढे उघडून तपासायचं असेल तर डीटीएस.

आता काय नाही ते. माझे वडील कुपवाड एमआयडीसीतून निवृत्त झालेले. त्यांनी माझा अर्ज हातात घेऊन एकच प्रश्न विचारला होता: "ह्याचं सर्टिफिकेट कुठं चालतं?" खरं उत्तर असं की नोकरीत चालत नाही. आपल्या विद्यापीठांनी मान्य केलेली ही पदवी नाही. डीटीएस केल्यानं कुणी पाळक (पास्टर) होत नाही, तिकडची नोकरी मिळत नाही आणि कायमचं राहायलाही मिळत नाही. पाळकीय शिक्षण घ्यायचं असेल तर पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी जवळ आहे. १९८३ मध्ये ते यवतमाळहून पुण्याला आलं. आई-वडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. "पुढे बघू" असं म्हणून टाळलेलं उत्तर घरात सहा महिने खदखदत राहतं.

अर्जाच्या आधी मंडळी, म्हणजे आपलं चर्च

मुलं आधी शाळेची वेबसाइट बघतात, अर्ज भरतात, आणि शिफारसपत्राचा रकाना आला की पाळकसाहेबांकडे धावतात. हा क्रम उलटा करा.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १३ वाचा. अंत्युखियाची मंडळी उपास करते आहे, प्रार्थना करते आहे, आणि मग हात ठेवून बर्णबा आणि शौल यांना पाठवते आहे. आपल्या भागाला तर हे शिकवायची गरज नसावी. डॉ. वॉनलेस मिरजेत आले ते मनात आलं म्हणून एकटे उठून आलेले नव्हते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं त्यांना पाठवलं होतं, आणि १८९४ साली मिरजेत उभं राहिलेलं हॉस्पिटल हे पाठवणाऱ्यांचंही काम होतं. पाठवलेलं माणूस आणि निघून गेलेलं माणूस यांत फरक असतो. तो परत आल्यावर जास्त कळतो.

म्हणून किमान १० महिने आधी पाळकांना भेटा, आणि सही मागायला नको, विचारायला जा. "माझ्यात तुम्हाला काय दिसतं? मी जावं का?" असं विचारा. माझ्या पाळकांनी मला "एक वर्ष थांब" असं सांगितलं होतं, कारण त्या काळात माझं घरात मोठ्या वहिनीशी बोलणं बंद होतं. मला राग आला. पण त्या वर्षात ते बोलणं सुरू झालं, आणि शाळेत क्षमेचा आठवडा आला तेव्हा मी ज्या शांतपणे बसू शकले ती शांती त्या थांबण्यातून आली होती. पाळकांनी नाही म्हटलं तर कारण विचारा. कारण पटलं नाही तर मंडळीतल्या आणखी दोन वडीलधाऱ्यांना विचारा. सगळेच थांब म्हणत असतील तर थांबा.

परदेशच का?

हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर वहीत लिहा. भारतातही अशा शाळा आहेत, खर्च कितीतरी कमी, व्हिसाची कटकट नाही, काही ठिकाणी हिंदीतून शिकता येतं. इंग्रजीत रडता येत नसेल, म्हणजे मनातलं खोल काही इंग्रजीत सांगता येत नसेल, तर भारतातली शाळा तुम्हाला जास्त देईल असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशाला जाण्याची चांगली कारणंही आहेत: पुढे आंतरसांस्कृतिक सेवेत जायचं आहे, एखाद्या देशाचं ओझं मनावर आहे, संगीत किंवा वैद्यकीय सेवेवर भर असलेली शाळा तिथंच आहे. "एकदा विमानात बसायचंय" हे कारण वहीत उतरलं तर ती वही बंद करून पुन्हा प्रार्थनेला बसा.

शाळा निवडताना

'यूथ विथ अ मिशन' ही संस्था विखुरलेली आहे. प्रत्येक केंद्र आपापलं चालतं, नाव एक असलं तरी घर वेगळं असतं. कर्मचाऱ्यांना पगार नसतो. तेही आपापला आधार उभा करूनच तिथं राहतात आणि त्यांतले बरेच विशी-पंचविशीतले असतात. म्हणून केंद्रागणिक चौकशी करावी लागते. ती शाळा युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्सच्या यादीत नोंदलेली आहे का ते आधी बघा. मग शाळेकडे गेल्या दोन वर्षांतल्या भारतीय विद्यार्थ्यांचा संपर्क मागा आणि त्यांच्याशी फोनवर बोला, नुसते मेसेज नको. आवाजातून पुष्कळ कळतं.

शाळेला ईमेलनं लेखी विचारायचं ते असं. फीमध्ये आऊटरीच धरलेलं आहे की वेगळं? मध्येच आजारी पडून परतावं लागलं तर किती पैसे परत मिळतात? तक्रार करायची झाली तर कुणाकडे, आणि ती व्यक्ती गटप्रमुखाहून वेगळी आहे का? मुलींची राहायची सोय कशी? आऊटरीचला गटात किमान एक अनुभवी मोठी व्यक्ती असते का? आमच्या नागरिकांना कुठल्या प्रकारचा व्हिसा लागतो आणि मागच्या वेळी किती भारतीयांना तो मिळाला? या प्रश्नांना चिडून किंवा "विश्वास ठेवा" एवढंच लिहून उत्तर देणारी शाळा मी सोडून देईन. चांगली शाळा असे प्रश्न आले की खूश होते.

आणखी एक. तुमचा पासपोर्ट कुणी "आमच्याकडे ठेवा" म्हणालं तर नाही म्हणा. व्हिसाच्या कामापुरता द्यायचा, काम झालं की परत घ्यायचा.

पासपोर्ट: नावाच्या एका वेलांटीची गोष्ट

सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, अपॉइंटमेंट घ्यायची, कागद घेऊन जायचं, मग पोलिस पडताळणी. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० आणखी. एजंटाची गरज नाही, फॉर्म सोपा आहे.

अडतं ते नावावर. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर त्याचंच वेगळं स्पेलिंग, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरंच. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या दाखल्यावर 'सुनिल' होतं, म्हणून इंग्रजीत एक आय. आधारवर डबल ई. त्याचा अर्ज रखडला, आधार दुरुस्तीत दीड महिना गेला, आणि त्या सत्राची तारीख हातातून गेली. दाखला, आधार आणि पॅन या तिन्हींवरची अक्षरं शेजारी ठेवून एकेक जुळवून बघा, आजच बघा. बाप्तिस्म्याचं नाव घरात आणि मंडळीत वापरा. कागदावर जे सरकारी नाव आहे तेच सगळीकडे लिहा. शाळेचं प्रवेशपत्रही पासपोर्टवरच्या नावाबरहुकूम, वडिलांच्या नावासकट मागून घ्या. शाळेनं फक्त नाव-आडनाव लिहिलं तर व्हिसाच्या खिडकीवर प्रश्न येतो.

दहावीची सनद जोडा म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा (देश सोडताना सरकारी तपासणी लागते असा) शिक्का पडत नाही. आणि परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असू द्या.

अर्ज आणि साक्ष

अर्जात आरोग्याची माहिती असते, दोन-तीन शिफारसपत्रं असतात आणि तुमची साक्ष, म्हणजे विश्वासाचा स्वतःचा अनुभव, मागतात. अर्जाची फी बहुधा परत मिळत नाही, तेव्हा तीन शाळांना एकदम अर्ज करू नका.

साक्ष लिहिताना आपली मुलं सभेत बोलतात तसं लिहितात: "मी पापी होतो, प्रभूनं मला वाचवलं, हालेलूया." त्यातून वाचणाऱ्याला तुम्ही कळत नाही. आधी मराठीत लिहा. कोणत्या घरात वाढलात, कुठल्या गोष्टीची भीती वाटते, देवावर कधी रागावलात, कुठली प्रार्थना अजून अनुत्तरित आहे. मग कुणाची तरी मदत घेऊन इंग्रजी करा. नैराश्याची गोळी चालू असेल, फिट येत असतील, मधुमेह असेल, तर लपवू नका. शाळेला आधी माहीत असेल तर सोय होते. तिथं जाऊन उघडं पडलं तर घरी पाठवतात.

पैसा

इथं सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश लिहिते.

आधी एका कागदावर रकाने पाडा: वर्गाच्या काळाची फी, आऊटरीचचा खर्च, विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, लसी, हातखर्च, आणि परत आल्यावरचे दोन महिने. हा शेवटचा रकाना कुणीच धरत नाही. पुष्कळ शाळांत विद्यार्थ्याच्या देशाप्रमाणे फीचे टप्पे असतात. भारतीयांना कमी फी लागू होते का ते विचारल्याशिवाय आकडा लिहू नका. युरोप-अमेरिकेतल्या शाळेपेक्षा थायलंड किंवा फिलिपिन्समधली शाळा खिशाला पुष्कळ हलकी पडते.

मग पैसा कुठून? आमच्या मंडळीत महिला मंडळानं दोन रविवार भडंग आणि शेंगदाण्याची चटणी विकली. मी स्वतः दीड वर्ष शिकवणीचे पैसे बाजूला ठेवले. आणि एक आजी, विधवा, दर महिन्याला २०० रुपयांची नोट घडी करून माझ्या शास्त्रात ठेवायच्या. आधार मागायला लाज वाटते हे मला माहीत आहे. पण मागा, समोर बसून मागा, आकडा सांगून मागा आणि हिशोबाची वही पहिल्या नोटेपासून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरवून भीक मागितल्यासारखं करू नका.

कायद्याची बाजू नीट समजून घ्या. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते आणि विवरणपत्रात दाखवावी लागते. आई-वडील, भावंडं, काका-मामा यांनी दिलेल्या पैशाला हे लागू नाही. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून थेट परदेशातल्या शाळेला पैसे पाठवायचा विचार असेल तर आधी ट्रस्टच्या सीएला विचारा, कारण धर्मादाय ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च झाला की त्याच्या करसवलतीवर गदा येते.

त्याहून नाजूक बाब परदेशातल्या मदतीची. "अमेरिकेतले एक अंकल पैसे पाठवतो म्हणतात, माझ्या खात्यावर घेऊ का?" असं मला दोघांनी विचारलं आहे. घेऊ नका. परकीय योगदानाचा कायदा व्यक्तीलाही लागू आहे, आणि धार्मिक कामासाठी नोंदणीशिवाय परकीय नागरिकाकडून पैसे घेणं तुम्हाला आणि मंडळीलाही अडचणीत आणू शकतं. त्यांना म्हणा, माझ्या नावानं थेट शाळेलाच फी भरा. पैसा तिकडचा तिकडे राहतो. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा दुबईतला मामा स्वतःच्या बचतीतून पाठवत असेल तर तो परकीय योगदानात धरला जात नाही.

फी पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतं. सोबत प्रवेशपत्र आणि शाळेचं फीचं पत्र न्या. वर्षाला १० लाखांच्या आतल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना तो प्रश्न येत नाही. मात्र मधल्या बँकांचे आकार कोण भरणार हे काउंटरवर स्पष्ट सांगा. पाठवणाऱ्यानं भरायचे असं लिहिलं नाही तर शाळेच्या खात्यात थोडी कमी रक्कम पोचते आणि "फी अपुरी" असा ईमेल येतो. माझ्या बाबतीत तेच झालं, आणि उरलेली किरकोळ रक्कम पाठवायला पुन्हा पूर्ण आकार भरावा लागला.

निघण्यापूर्वी आणखी एक काम: तुमचं भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. रिचार्ज संपून बरेच दिवस गेले की नंबर बंद होतो, आणि मग स्वतःचेच पैसे हलवता येत नाहीत. घरच्या कुणाला तरी रिचार्जची तारीख लिहून द्या.

व्हिसा: खरं बोला

कुठला व्हिसा हे तुम्ही ठरवायचं नाही आणि एजंटानंही नाही. ते शाळेनं लेखी सांगायचं, आणि तुम्ही त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर ताडून बघायचं. नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला शाळा परवानाधारक प्रायोजक असावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाला तो अभ्यासक्रम सरकारच्या क्रिकोस नोंदवहीत असावा लागतो. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला मान्यताप्राप्त शाळेचं आय-२० पत्र लागतं. एखादी शाळा "टुरिस्टवर या, इथं सगळे तसेच येतात" असं म्हणाली तर त्या देशाच्या नियमात तसं शिकणं खरंच चालतं का हे स्वतः वाचा. चालत नसेल तर जाऊ नका. पहिल्या पायरीवर खोटी सही करून प्रभूच्या मागे जायला निघता येत नाही.

मुलाखत असेल तर तीन गोष्टी दोन-दोन वाक्यांत सांगता यायला हव्यात: काय शिकायला जाताय, पैसे कुणी भरले, परत येऊन काय करणार. शेवटच्याला "देव दाखवेल ते" हे उत्तर मनात खरं असलं तरी अधिकाऱ्याला पुरत नाही. परत येऊन कुठल्या मंडळीत, कुठल्या कामात रुजू होणार, याचं पाळकांचं पत्र आणि नोकरी असेल तर रजेचं पत्र सोबत ठेवा. बोटांचे ठसे द्यायला बहुतेक पुणे किंवा मुंबईला जावं लागतं. सकाळची वेळ मिळाली असेल तर मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी धरा आणि कागदांची फाइल उशाशी ठेवून झोपा.

आता ती गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगते. आमच्या वर्गातला एक मुलगा आऊटरीचसाठी गटाबरोबर कंबोडियाला गेला. थायलंडमधून बाहेर पडण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना काढावा लागतो. एकदाच्या प्रवेशाला १,००० बाट, अनेकदाच्या प्रवेशाला ३,८००. त्यानं काढला नाही, कारण कुणी आठवण केली नाही आणि त्यानं विचारलं नाही. सीमा ओलांडली त्या क्षणी त्याचा व्हिसा संपला. परत येताना तो सीमेवर पाच तास बाकावर बसून होता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट आणि अर्धं सोललेलं केळं. शेवटी त्याला थोड्या दिवसांचा मुक्काम मिळाला आणि पदवीदान व्हायच्या आधी निघावं लागलं. तेव्हा आपल्या व्हिसावर किती प्रवेश आहेत, आऊटरीचहून त्याच देशात परतायचं आहे का, आणि ९० दिवसांहून जास्त राहिल्यास तिथल्या इमिग्रेशनला कळवावं लागतं का, ही तीन उत्तरं तुमच्या स्वतःच्या वहीत हवीत. गटप्रमुख बहुधा अशा देशाचा असतो ज्याला कुठंही व्हिसा लागत नाही. त्याला आपली अडचण सुचणारच नाही.

आऊटरीचचा देश आणि तिथला कायदा

उत्साहात हे विसरलं जातं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून भारतीयांच्या गटाला तिकडे जाणं सोपं वाटतं. पण नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदानं धर्मांतर करवण्याला मनाई केली आहे, आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेत त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मलेशियात मुस्लिमांमध्ये इतर धर्माचा प्रचार करण्यावर राज्यांचे कायदे आहेत. गटाची मीटिंग असेल तेव्हा विचारा: आपण तिथं नेमकं काय करणार, कुठल्या व्हिसावर, आणि स्थानिक मंडळीनं बोलावलं आहे का? आपण दोन महिन्यांनी निघून जातो. परिणाम भोगायला तिथले विश्वासणारे राहतात. पत्रकं वाटून आलेल्या गटानंतर एखाद्या गावातल्या भावंडांना काय सोसावं लागतं हे मी जवळून ऐकलं आहे. त्यामुळे मुलांना शिकवणं, स्वच्छतागृह बांधायला हात लावणं, आजाऱ्यांजवळ बसणं, ही कामं मला कमी दर्जाची वाटत नाहीत.

तब्येत आणि बॅग

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात आऊटरीच असेल तर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती लस घ्यावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं, पण ते नसताना त्या देशातून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. ही लस ठरावीक अधिकृत केंद्रांतच मिळते, मुंबईत आहेत. आधी वेळ घ्या. टायफॉइड, कावीळ ए, धनुर्वात यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. रोजची औषधं सहा महिन्यांची, मूळ वेष्टनात, आणि चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव. दात निघण्याआधी दाखवून घ्या. बाहेर दाताचा खर्च प्रवासी विम्यात बहुधा नसतो.

बॅगेत मराठी शास्त्र न्या, मोबाइलमध्ये असलं तरी. परक्या भाषेत दिवसभर ऐकल्यावर रात्री आपल्या भाषेतलं स्तोत्र २३ वाचताना काय होतं ते तिथंच कळतं. सांगलीची हळद छोट्या डबीत, भडंग, थोडी चटणी. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशाच्या कार्डावर जाहीर करा; जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीला दंड होतो.

तिथं गेल्यावर

सकाळी मननाचा तास, मग उपासना, वर्ग, दुपारी काम. काम म्हणजे खरंच काम. मला मोठ्या भांड्यांची पाळी होती. तळाला चिकटलेला चिकट भात गरम पाण्यात भिजवून लाकडी उलथन्यानं खरवडायचा. शेजारी एक कोरियन डॉक्टर मुलगी, तिच्या पलीकडे ब्राझीलचा मेकॅनिक. पहिले दोन आठवडे माझ्या मनात येत होतं, आई घरी मला ही भांडी घासू देत नाही. सहाव्या आठवड्यात त्या मोरीपाशी मी सगळ्यांत जास्त प्रार्थना करत होते.

वर्गात मोकळं बोला असं सांगतात. पापकबुली, जुन्या जखमा, घरातल्या गोष्टी. यातून पुष्कळांना मोकळं होताना मी पाहिलं आहे. तरीही सगळ्यांसमोर काय सांगायचं आणि एकट्या विश्वासू व्यक्तीला काय सांगायचं हे तुम्ही ठरवा. गप्प राहणं म्हणजे आत्म्याला विरोध नव्हे. कुणी "देव मला तुझ्याबद्दल सांगतो आहे" म्हणून लग्नाचा, पैशाचा किंवा औषध बंद करण्याचा सल्ला दिला तर लगेच काही करू नका. घरी आणि पाळकांना फोन करा. डॉक्टरांची गोळी डॉक्टरच बंद करतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरची आठवण पोटात येते. ती येणारच. रोज दोन तास व्हिडिओ कॉल केलात तर तुम्ही ना इथं राहता ना तिथं. आठवड्याचा एक दिवस ठरवा. आणि महिन्यातून एकदा मंडळीला मराठीत एक पानी पत्र लिहा: काय शिकले, कशासाठी प्रार्थना हवी, किती पैसे कशावर गेले. पाळकांना ते उपासनेत वाचून दाखवायला सांगा.

परत आल्यावर

प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) अंत्युखियाला परतले तेव्हा मंडळीला एकत्र करून देवानं काय केलं ते त्यांनी सांगितलं. आपणही सांगायचं असतं, पण दहा मिनिटांत. आणि "तिकडं असं करतात" हे वाक्य पहिले तीन महिने तोंडातून काढू नका. मी काढलं होतं. उपासनेत पेटी-तबल्याऐवजी गिटार हवी म्हणाले, आणि ज्यांनी मला पाठवलं त्यांनाच दुखावलं. पुढे कधीतरी कळलं की आपल्या शेजारच्या साताऱ्यातच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' सुरू केला होता. ख्रिस्तभक्ती इथल्या मातीत, भजन-कीर्तनातून रुजावी ही त्यांची तळमळ होती. मी सहा महिने चियांग माईत उपासना म्हणजे काय ते शिकत होते आणि दोन-अडीच तासांवर हा ठेवा होता.

दोन-तीन महिने उदास वाटतं, सकाळ रिकामी वाटते. नोकरी शोधायला लगेच लागा. मुलाखतीत मधल्या सहा महिन्यांबद्दल विचारलं तर सरळ सांगा: आंतरराष्ट्रीय गटात राहून सेवाप्रशिक्षण घेतलं. मंडळीत एक छोटं, नियमित काम मागून घ्या. मी रविवारची शाळा मागितली, पाच ते आठ वयाची मुलं.

आणि पहिल्या आठवड्यात हिशोबाची वही घेऊन ज्यांनी दिलं त्यांच्या घरी जा. मी आधी त्या आजींकडे गेले. फोटो दाखवायला मोबाइल काढला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला, चहा टाकला आणि विचारलं, "तिकडं जेवायला काय मिळायचं गं तुला?" चिकट भाताचं सांगितलं. मग भांड्यांचं. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, आता प्रार्थना कर, मराठीत.